जुन्या रोडस्टरचा जाम झालेला सीट पिलर: फ्रेम आणि रंग न बिघडवता कसा काढावा?

जुने_चाक
नमस्कार मंडळी. दांड्याच्या ब्रेकची, २८ इंची चाकांची एक इंग्रजी रोडस्टर सायकल हाती आली आहे. मागच्या स्टर्मी-आर्चर हबवर 'एडब्ल्यू' आणि '५२' असा शिक्का आहे, म्हणजे निदान हब तरी १९५२ चा. रंग मूळचा काळा एनॅमल, टाकीवर... म्हणजे वरच्या नळीवर सोनेरी रेघा अजून शाबूत, हेडट्यूबवरचा (हँडलखालच्या उभ्या नळीवरचा) बॅजही आहे. एवढी चांगली राहिलेली सायकल क्वचितच मिळते, म्हणून हात लावायच्या आधी विचारतो आहे.

सीट पिलर (सीटखालचा दांडा) पूर्ण जाम आहे. सीट काढून ठेवली. पिलरचा वरचा बारीक भाग (ज्यावर सीटचा क्लँप बसतो) पूर्ण बाहेर आहे, आणि जाड भाग लगच्या (नळ्या जोडणाऱ्या सांध्याच्या तुकड्याच्या) वर जेमतेम दोन बोटं दिसतो. क्लँपचा बोल्ट सैल केला, पाइप पान्याने हलका जोर लावून पाहिला. तसूभरही हलत नाही. लगच्या कडेला तांबूस गंजाची बारीक रेघ आहे, पांढरी भुकटी कुठेच नाही. पिलरला चुंबक चिकटतो.

फ्रेम वाकता कामा नये आणि रंग जाता कामा नये, या दोन अटी. पिलर गेला तरी चालेल. वेळ भरपूर आहे. काय क्रमाने जावं?

तेलवात
पाइप पाना आधी बाजूला ठेवा. लगमध्ये घट्ट बसलेल्या पिलरला वरून पिळलं की बारीक मानेपाशी तो चेपतो, आणि मग पकडायला काहीच उरत नाही.

चुंबक लावून पाहिलात हे फार बरं केलंत. स्टीलमध्ये स्टील असेल तर शत्रू एकच, तांबडा गंज. तो तेल पितो. अॅल्युमिनियमचा पिलर असता तर गोष्ट वेगळी होती.

सुटा_स्पोक
+१. शिवाय बोल्ट 'सैल केला' म्हणजे काय केलंत? नट सैल करून भागत नाही, बोल्ट पूर्ण काढा. जुन्या इंग्रजी सायकलींत या बोल्टच्या डोक्याखाली एक छोटी खुंटी असते, ती लगच्या खाचेत बसते. त्यामुळे डोकं फिरवायचं नसतं, नट फिरवायचा असतो. डोकं फिरवलं की खुंटी तुटते नाहीतर लगचा कान (ज्यातून बोल्ट जातो तो) वाकतो.

आणि एक बघून ठेवा. दांड्याच्या ब्रेकच्या बऱ्याच रोडस्टरमध्ये मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन वरच्या नळ्या याच बोल्टने लगला धरलेल्या असतात, ब्रेझ केलेल्या (पितळ वितळवून जोडलेल्या) नसतात. बोल्ट निघाला की त्या मोकळ्या होतील. घाबरू नका, पण फ्रेम त्या नळ्यांना धरून पिळू नका.

जुने_चाक
बरोबर, माझ्या सायकलमध्ये त्या नळ्या बोल्टवरच आहेत. नट फिरवून बोल्ट काढला, खुंटी शाबूत आहे. नळ्या बाजूला झाल्या आणि लगची खाच आता नीट दिसते. खाचेत गंजाचा जाड थर आहे.

मंदगती
जुन्या सायकलींची कामं मी बरीच केली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. घाई करणाऱ्यांना हे आवडणार नाही.

पहिलं, खाच साफ करा. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घेऊन खाचेतला गंज खरवडून काढा, पिलरचा पत्रा दिसेपर्यंत. तेल आत जायचा वरचा हा एकच दरवाजा आहे. खाच छिन्नी ठोकून उघडू नका. लगचे कान ओतीव असतील तर चटकन तडकतात. आणि कान आधीच कुणीतरी बोल्ट आवळून आत वाकवलेले असतील तर त्यांची कड पिलरच्या पत्र्यात रुतते. तेव्हा कितीही तेल घातलं तरी उपयोग नाही, आधी कान सरळ व्हायला हवेत. पट्टी लावून बघा, दोन्ही कान समांतर आहेत का.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: तेल खालून द्या. पिलर सीट ट्यूबमध्ये दोन-तीन इंच गेलेला असतो. वरून घातलेलं तेल पहिल्या अर्ध्या इंचाच्या गंजात मुरतं आणि तिथेच थांबतं. सीट ट्यूब खाली बीबीच्या (पेडलचा आस बसतो त्या) शेलमध्ये उघडते. क्रँक, अॅक्सल आणि गोळ्या काढल्या की सायकल उलटी करून बीबीतून थेट पिलरच्या खालच्या तोंडापर्यंत तेल पोचवता येतं. फ्रेम उलटी टांगून ठेवा आणि अधूनमधून तेल ओतत राहा. पिलरचं वरचं तोंड उघडं असेल तर त्याला रबरी बूच मारा, नाहीतर पोकळ पिलरमधून सगळं तेल जमिनीवर येईल.

त्यासाठी डाव्या बाजूचा कप (गोळ्या धरणारी वाटी) काढला तरी पुरतं. उजव्या बाजूचा कप इंग्रजी सायकलींत उलट्या आट्यांचा असतो, तो न काढलेलाच बरा. काढलेले कप जपून ठेवा. रॅलेच्या जुन्या सायकलींत बीबीचे आटे इंचाला २६ असतात, बाकीच्या इंग्रजी सायकलींत २४. बाजारात मिळणारा कप तुमच्या फ्रेमला लागेलच असं नाही.

तिसरं, ठोका. जोरात नाही. पिलरच्या तोंडावर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके, पण पुष्कळ ठोके. त्या हादऱ्यांनी गंजाला केसासारख्या भेगा पडतात आणि तेल त्यांत शिरतं. कान देऊन ऐका. जाम पिलरवर हातोडी बसली की फ्रेम आणि पिलर मिळून एकच बद्द आवाज येतो. पकड सुटू लागली की आवाज बदलतो, थोडा खणखणीत होतो. हा फरक एकदा कळला की पुन्हा विसरत नाही.

हे सगळं आठवडाभर तरी चालू द्या. त्यानंतर पिळायचं बघू.

भट्टीवाला
मंदगती, तुमचा अनुभव मोठा आहे, पण आठवडाभर कशाला? ब्लो टॉर्चने लग तापवा, बाहेरची नळी फुगेल, पिलर सुटेल. मोटारींचे नट-बोल्ट आम्ही रोज असेच काढतो.

मंदगती
तापवण्याचं तत्त्व बरोबर आहे, इथे ते अडतं कुठे ते सांगतो. स्टील दर अंश सेल्सिअसला लांबीच्या १२ दशलक्षांशाइतकं वाढतं. सुमारे २५ मिमी व्यासाची नळी १५० अंशांनी तापवली तर व्यास वाढतो ०.०४५ मिमी. तेही फक्त बाहेरची नळी तापली आणि आतला पिलर थंड राहिला तर. घट्ट गंजलेल्या सांध्यात उष्णता क्षणात आत जाते आणि दोन्ही एकत्रच फुगतात. फायदा होतो तो मुख्यतः तापणं आणि निवणं आलटून पालटून झाल्यामुळे.

टॉर्चच्या ज्वाळेत १५० अंश म्हणजे काहीच नाही, लगवरचा एनॅमल आणि रेघा पिलर सुटायच्या आधीच जातील. ब्रेझिंगचं पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे सांधा सुटायची भीती कमी. पण जुने_चाक यांची पहिली अट रंगाची आहे.

रसायनशाळा
टॉर्च नकोच, आणखी एका कारणासाठी. १९५० च्या आसपासच्या रंगात शिसं असू शकतं. तो रंग जाळला की शिशाचा धूर श्वासात जातो, आणि कोरडा घासला की धूळ. रंगाला हात लावायची वेळ आलीच तर ओला करून घासावा आणि मास्क लावावा. शिवाय सायकलवर जुना सेल्युलॉइडचा पंप किंवा मुठी असतील तर आधी काढून दूर ठेवा. सेल्युलॉइड भयंकर पेट घेतं.

तेलाबद्दल. पुष्कळ लोक डब्ल्यूडी-४० मारून थांबतात. त्याचा मूळ उद्देश पाणी हटवणं हा होता, नावातच ते आहे. गंजात मुरण्यासाठी खास पेनिट्रेटिंग ऑइल घ्या. गिअरचं ऑइल (ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं) आणि अॅसिटोन निम्मेनिम्मे हे मिश्रणही चांगलं चालतं, पण अॅसिटोन एनॅमलवर आणि ट्रान्सफरवर (चिकटवलेल्या छापील चित्रांवर) पडला तर रंग सुटतो, आणि तो चटकन पेटतो. तुमच्या सायकलला मी ते वरून लावणार नाही. खालून, बीबीतून द्यायचं असेल तर ठीक. साधं रॉकेलही हळूहळू मुरतं, फक्त वेळ घेतं.

भट्टीवाला
शिशाचा मुद्दा मान्य. मग रंग राखून तापवायचं कसं?

मंदगती
उकळतं पाणी. लगला जाड सुती फडकं दोन-तीन वेढे गुंडाळा आणि किटलीने त्यावर सावकाश ओता. तापमान १०० च्या वर जाऊच शकत नाही. भट्टीत भाजलेल्या एनॅमलला त्याचं काही वाटत नाही, मात्र ट्रान्सफरवर पाणी जाऊ देऊ नका. लग गरम असतानाच पिलरच्या आत थंड पाणी किंवा बर्फ. मग दोन-चार ठोके. मग निवू द्या, पुन्हा तेल. निवताना सांधा आकसतो आणि तेल आत ओढलं जातं.

चंद्रकोर_२
मध्येच विचारते, कारण माझी अडचण जवळचीच आहे. माझी १९७० च्या दशकातली हलकी रेसिंग फ्रेम स्टीलची आहे, पण पिलर अॅल्युमिनियमचा, २७.२ मिमीचा. चुंबक चिकटत नाही आणि लगच्या कडेला पांढरा, खडूसारखा थर आहे. मलाही हेच करायचं का?

रसायनशाळा
ताई, तुमचं दुखणं वेगळं आहे. दोन वेगळे धातू, मध्ये ओलावा आणि घामाचं मीठ. अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याचं ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतं. म्हणजे पिलर आतल्या आत फुगून नळीला चिकटतो. या ऑक्साइडवर तेलाचा फारसा परिणाम होत नाही.

शिवाय गरम केलंत तर उलटंच होईल. अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट वाढतं, अंशाला २३ दशलक्षांश. दोन्ही एकत्र तापले की पिलर आणखी घट्ट. तुम्ही थंड करा. पिलरच्या पोकळीत कोरडा बर्फ भरला (उणे ७८ अंश) आणि नळी खोलीच्या तापमानाला राहिली तर २७ मिमीचा पिलर ०.०६ मिमीपर्यंत आकसू शकतो. जाड हातमोजे घाला आणि खोली हवेशीर ठेवा. पिलर गार असतानाच पिळा, नळी गार व्हायच्या आत.

शेवटचा उपाय कॉस्टिक सोडा. तो अॅल्युमिनियम विरघळवतो, स्टीलला धक्का लावत नाही. फ्रेम उभी ठेवून पिलरचं खालचं तोंड बीबीकडून घट्ट बंद करायचं आणि द्रावण पिलरच्या पोकळीत ओतायचं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा, आसपास ठिणगीही नको. द्रावण आपणहून तापतं आणि उसळतं, म्हणून थोडं थोडं. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. डोळ्यांवर चष्मा, कोपरापर्यंत हातमोजे. रंगावर थेंब पडला तर रंग गेलाच. तुमच्या फ्रेमचा रंग मूळचा असेल तर आधी बाकी सगळं करून बघा. आणि फ्रेमही अॅल्युमिनियमची असेल तर कॉस्टिक चुकूनही नको, फ्रेमच विरघळेल.

जुने_चाक यांच्या स्टीलच्या पिलरवर कॉस्टिकचा शून्य उपयोग, हे कुणी पुढे वाचत असेल तर त्याच्यासाठी.

मंदगती
चंद्रकोर ताई, आणखी एक. २८.६ मिमीच्या नळीत २७.२ चा पिलर बसतो, म्हणजे तुमच्या नळीची भिंत जेमतेम ०.७ मिमी. जुने_चाक यांच्या रोडस्टरमध्ये पिलर बहुधा २५.४ चा असेल, म्हणजे भिंत १.६ मिमी. त्यांची फ्रेम जो पीळ सोसेल तो तुमची सोसणार नाही. या धाग्यातला पिळण्याचा सल्ला तुम्ही निम्म्याने घ्या.

जुने_चाक
मंडळी, मधला वेळ तेल पाजण्यात गेला. क्रँक धरणाऱ्या कॉटर पिना निघाल्या, डावा कप आणि अॅक्सल काढला. बीबीतून पाहिलं तर सीट ट्यूबमध्ये गंजाचे पापुद्रे आणि वाळलेलं ग्रीस. ते तारेच्या ब्रशने काढलं. फ्रेम उलटी टांगून तेल देतो आहे. उकळत्या पाण्याचे फेरेही चालू आहेत.

आज पहिल्यांदा काहीतरी दिसलं. फ्रेम सरळ करून ठोके दिले तेव्हा लगच्या कडेला, पिलरभोवती चहाच्या रंगाची ओली रेघ उमटली. पुसली, पुन्हा ठोकलं, पुन्हा उमटली, आणि या वेळी पूर्ण वर्तुळ. खालून दिलेलं तेल वर आलं असं समजू का?

मंदगती
समजा. तेल सांध्यातून आरपार गेलं याची यापेक्षा चांगली खूण नाही. आता पिळायला हरकत नाही.

पकड लगच्या वर दिसणाऱ्या जाड भागावरच घ्या, बारीक मानेवर नको. पिलर पोकळ आहे, म्हणून आधी आत अचूक मापाचा भरीव स्टीलचा गज ठोकून बसवा, म्हणजे व्हाइसच्या जबड्यात तो चेपणार नाही. पिलर जाणार असला तर जाड भागावर कानशीने समोरासमोर दोन सपाट बाजू करा. मोठा व्हाइस हवा, भक्कम बाकाला जखडलेला. पिलर व्हाइसमध्ये आवळायचा आणि फिरवायची फ्रेम. फ्रेम हाच तुमचा पाना.

चाकं, हँडल, मडगार्ड सगळं काढलेलं असू द्या. दोन माणसं लागतील. एकाने हेडट्यूबजवळ धरायचं, दुसऱ्याने सीट ट्यूबला बीबीपाशी. मागच्या बारीक नळ्यांना हात लावायचा नाही. झटका नको, सावकाश वाढत जाणारा दाब. एक केसभर हलला की थांबा, उलट्या दिशेने फिरवा, तेल घाला, पुन्हा सुलट. एकाच दिशेला ओढत राहिलात तर सुटलेला गंज पुढे साचतो आणि पिलर पुन्हा आवळतो. हलू लागल्यावर सगळा मोह तिथेच होतो.

सुटा_स्पोक
दाब देताना नजर वरच्या नळीवर ठेवा, हेडट्यूबच्या सांध्यापाशी. रंगाला बारीक आडव्या भेगा दिसल्या तर नळी वाकायला लागली आहे. त्या क्षणी सोडा.

तेलवात
आणि पिळूनही नाहीच निघाला तर? काहीजण पिलरमध्ये आरपार भोक पाडून गज घालतात.

मंदगती
भोक पाडून गज घालणं मला पटत नाही. गंजलेला पत्रा भोकापाशी फाटतो आणि तुमची पकडच जाते. त्यापेक्षा पुलर. पिलरच्या बारीक भागात आडवा भक्कम बोल्ट, त्याला अडकवलेला आटे पाडलेला लांब गज, भोवती लगवर टेकणारी जाड नळी, वर वायसर आणि नट. नट फिरवला की पिलर सरळ वर ओढला जातो, फ्रेमला पीळ बसतच नाही. नळी आणि लगच्या मध्ये चामड्याचा तुकडा, रंगासाठी.

त्यानेही नाही झालं तर लगच्या इंचभर वर पिलर कापायचा आणि आतून हॅक्सॉ ब्लेडने लांबीला उभी खाच घ्यायची. ब्लेडच्या एका टोकाला फडकं गुंडाळून हातात धरायचं. पिलरचा पत्रा संपला की कापण्याचा आवाज आणि भुसा दोन्ही बदलतात, गंजाचा तांबडा भुसा आला की थांबायचं. समोरासमोर दोन खाचा झाल्या की पक्कडीने पत्रा आत दुमडून काढता येतो. हे काम दोन-तीन बैठकांत करा. थकलेला हात फ्रेममध्ये घुसतो.

जुने_चाक
पिलर निघाला.

गज ठोकून बसवला, सपाट बाजू केल्या, मित्राला बोलावलं. पहिल्या दाबाला काहीच नाही. उकळतं पाणी ओतून लगेच पुन्हा दाब दिला तेव्हा 'टक्क' असा कोरडा आवाज झाला. फ्रेम फिरली की वाकली हे कळेना, म्हणून थांबून लग आणि पिलरवर खडूने एक उभी रेघ मारली. पुढच्या दाबाला रेघ मधोमध तुटून सरकलेली दिसली. मग मंदगतींनी सांगितल्याप्रमाणे मागे-पुढे, मागे-पुढे, मध्ये तेल. चॉकलेटी चिखल बाहेर येत राहिला. शेवटची दोन बोटं पिलर फिरवत-फिरवत वर ओढला.

फ्रेम दोरी लावून तपासली, सरळ आहे. लगवरचा रंग जसाच्या तसा, रेघांनाही काही झालं नाही. सगळ्यांचे मनापासून आभार. मंदगती दादा, तुमचे विशेष.

भट्टीवाला
अभिनंदन! खडूच्या रेघेची युक्ती मी वर्कशॉपमध्ये वापरणार आहे. वाचनखूण साठवली.

चंद्रकोर_२
अभिनंदन. मी अजून कोरड्या बर्फाच्या टप्प्यावर आहे, वेगळा धागा काढते.

सुटा_स्पोक
आता नवीन पिलर बसवायच्या आधी माप नीट घ्या. जुन्या पिलरवर विसंबू नका, तो कदाचित मूळचा नसेल. नळीचा आतला व्यास व्हर्निअरने लगच्या खाली, खाचेपासून दूर घ्या. खाचेपाशी लग आवळलेला असतो, माप कमी येतं. पिलर ०.२ मिमीच्या फरकाने मिळतात आणि तो फरक महत्त्वाचा असतो. एक माप लहान घेऊन बोल्ट जास्त आवळला की कान वाकतात आणि काही वर्षांनी दुसरा कुणीतरी हाच धागा शोधत येतो.

जुने_चाक
माप घेतलं. निघालेला पिलर २५.४ चा, नळीही तितकीच. वरचा भाग २२.२, म्हणजे सीटचा जुना क्लँप बसेल. नळीत आत अजून गंजाचे खवले आहेत. रीमर मारू का?

मंदगती
रीमर नको, धातू कापला जाईल. लाकडी काठीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळा, तेल लावा आणि नळीत फिरवा. ओलं काम, त्यामुळे धूळही नाही. आतून गुळगुळीत झालं की रॉकेलने धुवा, फडक्याने कोरडं करा. बीबीतला सगळा मळ आधी निघू द्या, नाहीतर तो गोळ्यांत जाईल.

मग पिलरला सगळीकडून ग्रीस, लगच्या आतल्या बाजूलाही. पिलर निदान अडीच इंच आत असू द्या. जुन्या पिलरवर खुणेची रेघ नसते, तेव्हा स्वतःच एक खूण करून घ्या. लगच्या वर, पिलरभोवती ग्रीसची एक वळी राहू द्या, पाणी तिथेच अडतं. आणि दर पावसाळ्यानंतर बोल्ट सोडून पिलर एकदा पूर्ण बाहेर काढा, पुसा, नवं ग्रीस लावा, परत घाला.

जुने_चाक
करतो. बीबीचे कप धुऊन ठेवले आहेत, आटे मोजले, इंचाला २६ निघाले. नव्या गोळ्या पाव इंची घेतो आहे.